बोगद्यातला सप्ताह

अण्णाजी फार धार्मिक माणूस आहे असं आमच्या तालुक्यात बोललं जातं. बोलणाऱ्यांनी अण्णाजीचं बॅनर पाहिलेलं असतं, अण्णाजीला पाहिलेलं नसतं. बॅनरवर तो हात जोडून उभा असतो, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, आणि वर कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढे मारुतीराया. प्रत्यक्षात त्याचे हात जोडलेले मी पुढाऱ्याच्या गाडीसमोर पाहिले आणि कॅमेऱ्यासमोर पाहिले. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला त्याचं टाइल्सचं दुकान आहे, राहतोही तिकडंच. पण मूळचा आमच्या पळसापूरचा, म्हणून चैत्र लागला की त्याला गाव आठवतं आणि तो आमच्या हरिनाम सप्ताहाचा यजमान होतो.

मला कीर्तनाचं वेड आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून पंचक्रोशीतलं एकही कीर्तन मी सोडलेलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले, नाल्याच्या गुडघाभर पाण्यातून गेले. चांगल्या कीर्तनकारानं चाल लावली, टाळकऱ्यांनी ती उचलली आणि मृदंग आत शिरला की दिवसभराचं जे काही पोटात साचलेलं असतं ते निवतं. एवढ्यासाठी अण्णाजीला मी इतकी वर्षं सोसला. कीर्तन होतं ना, मग यजमान कोण का असेना.

यंदा त्यानं कीर्तनालाच हात घातला.

आमच्या गावाच्या अंगानं वर्ध्याचा रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडं गाव, शेतं आणि उन्हाळ्यातही पाणी धरणारा एक डोह. पलीकडं बोरचं जंगल. त्या रस्त्यावरच्या वळणावर फार जनावरं मरायची, आणि माणसंही. रूपराव चक्कीवाल्याची बायको प्रमिला तिथंच गेली. नवऱ्याच्या गाडीवर मागं बसली होती, रानडुक्कर आडवं आलं. पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा सरकारला सुबुद्धी झाली. नाल्याच्या जागी रस्त्याखालून जनावरांसाठी मोठा बोगदा काढला आणि दोन्ही अंगांना लांबवर, डोक्याच्या वर जाईल अशी लोखंडी जाळी लावली. जनावर जाळीला अडतं, तिच्या कडेकडेनं चालत बोगद्याशी येतं आणि खालून डोहावर जातं. बोगद्याचं काम चाललं होतं तेव्हा रूपराव रोज मजुरांना चहा नेऊन द्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

रोही, चितळ, डुकरं, सगळी शिकली. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, डोक्यानं यथातथाच. पण तेही दोन महिन्यांत शिकलं. अण्णाजीचं अजून चालू आहे.

सप्ताहाच्या आधी त्यानं मंडळींना बोगद्यात नेलं.

"आयता मंडप हाये," तो म्हणाला. "वर सिमिट, बाजूनं सिमिट. ऊन नाई, धूळ नाई. अन आवाज ऐका. योगेंद्र, टाक एक ललकारी."

योगेंद्र म्हणजे त्याचा उजवा हात, आणि गरजेप्रमाणे डावाही. त्यानं देवाचा जयजयकार केला. बोगद्यानं तो तीन वेळा परत केला.

"पाहा," अण्णाजी म्हणाला. "देवानंच आपल्यासाठी बांधला म्हणा ना."

"रोह्यासाठी बांधला," रूपराव म्हणाला. तो मागं उभा होता, भुवयांवर पीठ.

"रोह्याचं काय हाये रूपराव, सात दिवस दुसरीकडून जाईन. रोही काय आधार कार्ड दाखवून जाते का इथून?"

मंडळी हसली. ज्याचा महाप्रसाद त्याच्या विनोदाला हसावं लागतं.

"मारुतीचं देऊळ काय वाईट हाये?" मी म्हटलं. "इतके वर्षं तिथंच होऊन राह्यलं ना."

"वयनी, देवळात माणसं मावते किती? अन पाव्हण्यायच्या गाड्या कुठं लावाच्या? तुमाले कीर्तन ऐकाचं हाये, तुमी ऐका. येवस्था मले पाहू द्या."

घुमणारा आवाज ललकारीला बरा असतो, कीर्तनाला नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्यासाठी कधीतरी कीर्तन ऐकलेलं असावं लागतं. तो कीर्तनात पहिल्या रांगेत, सोफ्यावर, मोबाइल पाहत बसतो. पहिल्या रात्री बुवांचा शब्द भिंतीवर जाऊन परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या डोक्यावर बसायचा. मी कीर्तन ऐकलं की भांड्यांची फळी पडताना ऐकली, हे अजून ठरत नाही.

ते जाऊ द्या. खरं पाप वेगळंच झालं. गाड्या लावायला सपाट जागा होती जंगलाच्या बाजूला, आणि रस्त्यावरून तिथं उतरायचं तर मध्ये जाळी. अण्णाजीनं जाळी कापली. ट्रक जाईल एवढी फट पाडली, मुरूम टाकून उतार केला आणि फटीच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून, बॅनर बांधलं: 'भाविकांनी वाहने सावकाश चालवावीत. आपला नम्र, अण्णाजी.' बॅनर इतकं मोठं की त्यामागून येणारा हत्तीसुद्धा वाहनवाल्याला दिसला नसता. कापलेल्या जाळीची गुंडाळी महाप्रसादाच्या चुलीभोवती लावली, कुत्री आत येऊ नयेत म्हणून. कुत्र्यांपुरतं त्याला जाळीचं महत्त्व कळत होतं.

सप्ताह बसला त्याच दिवशी दीपमाला आली. दीपमाला आमच्या भागातली वनरक्षक. पोरगी तिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला सरळ. तिनं आधी वीणेला हात जोडले, मग अण्णाजीकडं वळली.

"काका, हे जाळी कोनाच्या परवानगीनं कापली?"

"देवाच्या."

"देवाची सही दाखवा."

दोघं-तिघं हसले. अण्णाजीला ते आवडलं नाही. महाप्रसाद त्याचा असूनही हसू तिच्या वाट्याला गेलं होतं.

"हे पाहा मॅडम," तो म्हणाला, "तुमच्यात सप्ताह नसते. तुमाले यातलं समजणार नाई."

दीपमाला बौद्ध आहे, हे त्यानं असं चारचौघांत काढलं. तिनं ते ऐकून घेतलं, जसं माणूस रोजचीच माशी बसू देतो.

"सप्ताह समजत नसन मले. जनावर समजते," ती म्हणाली. "बोगद्यात तुमी भोंगे लावले. जनावर तिथून जाणार नाई. मंग ते जाळीच्या कडेनं येईन अन या फटीतून वर रोडवर चढन. पलीकडं पुन्हा जाळी हाये. उतराले जागा नाई. ते रोडवरच धावन. जाळी नव्हती तेव्हा परवडलं, असं होईन."

"अन आमी देवाच्या कामात हावोत. देवाच्या कामात जनावर आडवं येत नाई."

तिनं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, सप्ताह होऊन जाऊ द्या, लोकांच्या भावना दुखावतील. कोणाच्या भावना, हे साहेबांनी विचारलं नाही. माझ्या विचारल्या असत्या तर मी अर्धा तास सांगितल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला निघालो तर वळणावर चितळ मरून पडलेलं. मादी होती, पोट मोठं. अण्णाजीनं योगेंद्रला सांगून ते ओढून झुडपात टाकलं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मग माइक हातात घेऊन भूतदयेवर दोन शब्द बोलला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुंजन घरी आली ती पायी, स्कूटी ढकलत. गुंजन रूपरावची एकुलती एक. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे, दिवसपाळी करून दिवेलागणीला त्याच वळणावरून घरी येते. बॅनरच्या मागून रोही निघालं आणि तिच्या चाकासमोरून उडी मारून गेलं. आरसा तुटला, कोपर सोललं. पोरगी हसून सांगत होती, "बाबा, त्याचं पोट माह्या डोळ्याच्या एवढं जवळून गेलं, एक एक केस दिसला." रूपराव हसला नाही. उठून चक्कीचा पट्टा उगाच दोनदा चढवला आणि उतरवला.

मग तो महाप्रसादाच्या चुलीपाशी अण्णाजीकडं गेला. मी तिथंच पोळ्या लाटत होते.

"अण्णाजी, ते फट बुजवून टाका. माही पोरगी येते तिथून रोज."

"बुजवू ना. काला झाला की बुजवू."

"चार दिवस हाये अजून काल्याले."

"मंग चार दिवस तिले सुट्टी घ्याले सांग. नाई तर सांग, सावकाश चालवत जाय. बॅनर लावलं ना मी. वाचता येते ना तिले?"

"रोह्याले येत नाई वाचता."

"रूपराव, तू मृदंग वाजव. येवस्था मले पाहू दे. उद्या कीर्तनकार, पाव्हणे, सारे गाड्यानं येऊन राह्यले. त्यायले काय जाळीवरून चढवू?"

रूपराव मागं फिरला. माझ्यासमोर बसला. कणकेच्या गोळ्याकडं पाहत म्हणाला, "शकुंतलाबाई, प्रमिलाच्या येळेस जाळी नव्हती, बोगदा नव्हता. कोनाले दोष देऊ? आता सारं हाये, अन तरी."

मग उठून मृदंगाकडं गेला.  

आता पहाऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सप्ताह बसला की वीणा गळ्यात पडते ती सात दिवस खाली टेकत नाही. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, रात्रंदिवस. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं बसायचं नाही आणि नामाशिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. वीणा घेणाऱ्यानं आंघोळ केलेली असावी, कांदा-लसूण खाल्लेला नसावा. घेताना त्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं त्याच्या, मग गळाभेट आणि मग वीणा. पाया पडून मागितली तर नाही म्हणता येत नाही. वीणा टेकली, तर सप्ताह मोडला आणि दोष यजमानाच्या माथी. आणि सकाळच्या फेरीला वीणा गावातून निघते तेव्हा वीणा पुढं, सप्ताह मागं. वीणा जिथं, सप्ताह तिथं. आमच्याकडं दुपारचा पहारा रूपरावचा, कारण तेव्हा लाइट जाते आणि चक्की बंद असते. त्याच्यानंतर माझी पाळी.

चौथ्या दिवशी दुपारी मी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बोगद्यात आले तर चौरंगासमोर कोणी नव्हतं. वीणाही नव्हती. बाया एकमेकींकडं पाहत होत्या. एकीनं वर बोट दाखवलं.

रूपराव फटीत उभा होता. वीणा गळ्यात, हातात चिपळ्या, डोळे अर्धे मिटलेले. उताराच्या डोक्यावर, बरोबर मधोमध. एकीकडं जंगल, एकीकडं रस्ता. "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." चक्की चालवणाऱ्याचा आवाज, संथ, न थांबणारा.

मी वर गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाळी माझी होती, मी पाया पडले असते तर त्यानं वीणा दिली असती, नियमच तो. मी बाजूच्या मैलाच्या दगडावर बसले आणि टाळी धरली.

थोड्या वेळात दोन गाड्या आल्या आणि फटीशी थांबल्या. पाहुणे होते, कोणीतरी मोठे. त्यांनी हॉर्न वाजवला, मग वीणा पाहून हॉर्न बंद केला. वीणेवर गाडी घालायची हिंमत अजून आमच्या जिल्ह्यात कोणाची झालेली नाही. अण्णाजी खालून धापा टाकत आला. त्याची स्वतःची पांढरी गाडी खाली जंगलाच्या बाजूला, बोगद्याच्या तोंडाशी लावलेली होती, सावलीत.

"रूपराव, हे काय लावलं?"

"रामकृष्णहरी."

"खाली चाल. पाव्हणे खोळंबले."

"रामकृष्णहरी."

"मी बोलून राह्यलो तुह्यासंगं."

"रामकृष्णहरी."

बोलताच येत नव्हतं रूपरावला. नियम अण्णाजीनंच पहिल्या दिवशी माइकवरून वाचून दाखवला होता. म्हणून मीच बोलले.

"ते म्हणते, फट बुजवा."

"तो कुठं म्हणून राह्यला? तो तर नाव घेऊन राह्यला."

"मले समजते तेच्यातलं."

अण्णाजी माझ्याकडं वळला. "वयनी, तुमची पाळी हाये ना?"

"हाये."

"मंग घ्या ना वीणा."

"माही कंबर धरली."

"सकाळी तर तुमी फुगडी खेळून राह्यल्या होत्या."

"त्याच्यानंच धरली."

सप्ताहात खोटं बोलू नये म्हणतात. अण्णाजीशी बोलताना तो नियम लागू होत नसावा, देव काही आंधळा नाही.

तेवढ्यात खालची मंडळी वर जमली. बाया आल्या, टाळकरी आले, स्वयंपाकी हातातला झारा घेऊनच आला. अण्णाजी त्यांना म्हणाला, "कोनी घ्या बाप्पा वीणा. योगेंद्र, तू घे."

योगेंद्रनं रूपरावकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. त्याची बायकोही त्याच रस्त्यानं बचत गटाच्या मीटिंगहून येत होती.

"मी आंघोळ नाई केली अण्णाजी."

"सकाळी तर केलती."

"ते काय आंघोळ होती? पानीच नव्हतं."

अण्णाजीनं दुसऱ्याला विचारलं. त्यानं कांदा खाल्ला होता. तिसऱ्यानंही कांदा खाल्ला होता, आणि वर भजी. चौथ्याच्या घरी सुतक निघालं, कोण गेलं ते त्याला नीट सांगता आलं नाही. स्वयंपाकी म्हणाला, मी तर दिवसभर कांदाच कापतो. हे तर सरळ खोटं, महाप्रसादात कांदा नसतोच. पाहता पाहता अख्खं गाव बाटलं. त्या उतारावर सोवळा असा एकच माणूस उरला, कारण रोज रात्री कीर्तनाआधी माइकवरून तोच सांगत आला होता की मी पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करतो आणि सात दिवस कांद्याचा वाससुद्धा घेत नाही.

सगळे अण्णाजीकडं पाहू लागले. पाहुणेही गाडीची काच खाली करून पाहू लागले.

ऊन उतरत होतं. रूपरावचे पाय थरथरायला लागलेले मला दिसले. तो जर कोलमडला आणि वीणा टेकली, तर सप्ताह मोडणार होता आणि पत्रिकेवर यजमान म्हणून नाव अण्णाजीचं होतं, ठळक अक्षरात. त्याला देवाची भीती नव्हती. पण पुढच्या वर्षी 'ह्याच्या हातून मोडला' असं लोक म्हणतील, ही भीती त्याच्या तोंडावर घामासारखी फुटली.

"बरं," तो म्हणाला. "मी घेतो."

मग त्याला आठवलं की आधी काय करावं लागतं.

अण्णाजीला कोणाच्या पाया पडताना गावानं पाहिलं नव्हतं. चक्कीवाल्याच्या पाया पडताना तर त्यानं स्वतःलाही कधी कल्पिलं नसेल. त्यानं आधी पँट वर ओढली. मग एक गुडघा टेकवून पाहिला. मग पोट आडवं आलं, म्हणून बाजूनं वाकला. शेवटी कसाबसा हात पोचला. रूपरावचे पाय पिठानं पांढरे होते. अण्णाजी उठला तेव्हा बोटं पांढरी, आणि तीच बोटं त्यानं सवयीनं कपाळाला लावली. बुक्क्याखाली पांढरा पट्टा उमटला. योगेंद्रनं मोबाइल काढून फोटो घेतला, सवयीनंच.

रूपराव नियमाप्रमाणे अण्णाजीच्या पाया पडला, मनापासून पडला, गळाभेट घेतली आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली. हातात चिपळ्या दिल्या. अण्णाजीनं तोंड उघडलं, "आता हटा सारे, गाड्या—"

"नाव घ्या अण्णाजी," मी म्हटलं. "वीणा गळ्यात हाये."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "रामकृष्णहरी."

इतकं रागानं घेतलेलं नाव मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तो वीणा घेऊन तरातरा खाली बोगद्याकडं चालू लागला. कोणाला तरी गळ्यात घालून मोकळं व्हायचा त्याचा बेत असणार. पण खाली गेला तर तिथं कोणी नव्हतं, सगळे वर. आणि आम्ही कामाला लागलो होतो.

रूपरावनं चुलीभोवतीची जाळीची गुंडाळी खांद्यावर उचलली. दीपमालाला कोणीतरी फोन केला असावा, ती पक्कड आणि तार घेऊन आली. योगेंद्रनं बॅनर सोडलं, म्हणाला, "याचे बांबू चांगले हायेत." पाहुण्यांनी गाड्या वळवून गावाच्या रस्त्यानं देवळाकडं नेल्या. त्याआधी त्यातल्या एकानं उतरून जाळी धरायला हातही लावला, बूट घालूनच. मग बायांनी मुरमाचा उतार फावड्यानं खणून काढला.

अण्णाजी खाली येरझारा घालत होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं. त्याची गाडी जाळीच्या आत होती, जंगलाच्या बाजूला, आणि जाळी मिटत होती. तो पळत वर आला. वीणा पोटावर आपटत होती. एका हातानं तो गाडीकडं दाखवत होता, दुसऱ्या हातानं जाळीकडं, आणि तोंडानं एकसारखं, "रामकृष्णहरी रामकृष्णहरी रामकृष्णहरी." लय वाढत गेली. मृदंग असता तर द्रुतात गेला असता.

"किती रंगून राह्यले नाई अण्णाजी," स्वयंपाकी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

दीपमालानं शेवटची तार आवळली. "काका, गाडी उद्या नाल्यातून ट्रॅक्टरनं ओढून काढू," ती जाळीतून म्हणाली. "सप्ताहात कायची घाई."

आता वीणा घ्यायला मी गेले. कंबर सुटली होती. गावाच्या रस्त्यानं फिरून, नाल्यातल्या पायवाटेनं खाली बोगद्यात आले. अण्णाजी इतका दमला होता की माझ्या पाया पडताना त्याला काहीच वाटलं नाही. वीणा माझ्या गळ्यात आली. जुनी वीणा ती, भोपळा घामानं काळा पडलेला, तारा सैल. ती गळ्यात पडली की छातीत जे होतं ते सांगायला मला अजून शब्द मिळालेला नाही.

पण मी बोगद्यात थांबले नाही. भोंगे, गालिचा, सोफा, सगळ्यांना ओलांडून अलीकडच्या तोंडानं बाहेर पडले आणि देवळाच्या वाटेला लागले. वीणा पुढं, सप्ताह मागं. मागून टाळकरी निघाले, बाया निघाल्या, चौरंग कोणी डोक्यावर घेतला. अण्णाजी मागून ओरडत होता, "वयनी, इकडे कुठं? मंडप इकडे हाये," आणि मला उत्तर देता येत नव्हतं, नियमच तसा. "रामकृष्णहरी," मी म्हटलं.

डोहाच्या चढावर पोचलो तेव्हा दिवे लागत होते. तिथून वळण दिसतं. रूपराव जाळीजवळच थांबला होता, एकटा, तारेला हात लावून. जंगलातून रोह्यांचा कळप जाळीशी आलेला दिसला, पाच की सहा, काळपट. एकानं जाळीला नाक लावलं. मग सगळे तिच्या कडेकडेनं खाली, बोगद्याकडं चालू लागले. बोगद्याच्या तोंडाशी पांढरी गाडी पाहून बिचकले. थांबले. आणि त्याच वेळी वरून रस्त्यानं स्कूटीचा दिवा आला. वळण घेतलं, सरळ पुढं गेला, जाळीशी थांबला. गुंजन उतरली. रूपरावनं तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली. बस, एवढंच. बाकी दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी थांबलेही नाही, थांबायचं नसतं.

त्या रात्री देवळात कीर्तनाला अल्लीपूरच्या माधवीताई होत्या. माइक बोगद्यात राहिला होता. त्या मोकळ्या आवाजात उभ्या राहिल्या आणि पहिल्याच चालीला माझ्या अंगावर काटा आला. शब्द न् शब्द कळला. रूपराव मृदंगावर होता. अण्णाजी खांबाला टेकून झोपला होता, पहिल्यांदाच सोफ्याशिवाय, तोंड उघडं, कपाळावर पीठ तसंच.

सकाळी आम्ही सामान आणायला बोगद्यात गेलो. अण्णाजीही आला, गाडी पाहायला. गाडीला काही झालं नव्हतं. पण कळप रात्री तिच्याशेजारून आत गेला होता आणि वाटेत विसावला होता. रोह्याची सवय असते, एक जागा आवडली की सगळे तिथंच लेंड्या टाकतात. त्यांना पाहुण्यांसाठी अंथरलेला लाल गालिचा आवडला होता. सोफ्यासमोर चांगला ढीग होता, आणि त्यापुढं ओल्या वाळूत खुरांच्या खुणा डोहापर्यंत.

"हे कोन धुईन आता?" अण्णाजी म्हणाला.

रूपराव भोंग्याची वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"यजमान तुमीच ना," तो म्हणाला.